बिघडलं तरी पहिलं आपलंच

बुलढाण्याहून एक मुलगी आली होती. दिवाळी अंक काढते. ओसरीत बसली, चहा प्याली आणि म्हणाली, "काका, तुम्ही एवढ्या लोकांना शिवणकाम शिकवलं. माणसं कोणत्या वयात कशासाठी शिकतात त्यावर लिहा. वय आड येत नाही, असं काहीतरी छान."

मी म्हटलं, "लिहितो. पण हे छान वाक्य लिहिणार नाही. वय आड येतं. गुडघ्यात येतं, डोळ्यात येतं, बोटात येतं. सुईत दोरा ओवून दाखवू का तुला? संध्याकाळ होईल."

ती हसली. "मग खरं असेल ते लिहा."

खरं लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस आहे, तेव्हा जसं बोलतो तसंच येईल.

चिखलीजवळच्या आमच्या उंद्रीत बाजाराच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान होतं. सदरे, पायजमे, पोलकी, शाळेचे गणवेश, लग्नाची गर्दी, सगळं केलं. गाव मला मास्तर म्हणतं. आता मशीन घरात ओसरीवर आहे आणि दुकानाच्या जागी मोबाईलच्या काचा बदलून देतात. तयार कपड्यांनी धंदा खाल्ला. त्याबद्दल रडत बसणार नाही. खाल्ला तर खाल्ला. मात्र दुकानातून नेलेल्या सदऱ्याची बाही लांब झाली की लोक अजून माझ्याच दारात येतात, आणि मी त्यांना थोडं बोलून घेतल्याशिवाय हात लावत नाही.

माझी बायको सुमन यंदा पौषात गेली. हे आधीच सांगून टाकतो. मधेच सांगायला लागलो तर लिहिणं थांबेल.

आता शिकण्याचं. मी स्वतः शिकलो ते मारापासून लांब राहायला. शाळा सोडून पळालो होतो. घरी गेलो तर बाप चामडं सोलणार, म्हणून देऊळगाव राजाला मामाकडे गेलो. मामाने हबीब उस्तादांच्या शिलाईच्या दुकानात नेऊन बसवलं. हौस, आवड, काही नाही. परत धाडू नये, एवढंच मनात होतं.

उस्तादांकडे शिकायची एक रीत होती. आधी झाडू. मग बटन लावायचं, मग बटनाचं काज करायचं, मग तुरपाई, म्हणजे कडेची हातशिलाई. मशीनवर बसायला मिळालं की दोऱ्याशिवाय कागदावर शिलाई मारायची आणि भोकं सरळ पडतात का ते उजेडात धरून बघायचं. कात्री सगळ्यात शेवटी. त्याचं कारण साधं आहे. शिलाई चुकली तर उसवता येते. कात्री चुकली तर कापड मेलं. गिऱ्हाइकाच्या कापडाला तोंड कुठून दाखवणार?

म्हणून पहिली कात्री स्वतःच्या कापडावर चालवायची. आणि जे होईल ते स्वतःच घालायचं, चारचौघांत. उस्ताद म्हणायचे, "पहला कपडा तेरा. बिगड्या तो भी तेराच."

माझा पहिला सदरा बालाजीच्या यात्रेआधी झाला. बाहीला पुढची बाजू जास्त खोल कापायची असते, मागची कमी. त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाहीचे तुकडे एकमेकांसमोर ठेवून कापावे लागतात. मी दोन्ही एकाच अंगाने ठेवले. दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. घातला की उजवा हात आपोआप मागे जायचा, कोणीतरी धरून ओढतंय असा.

मी म्हटलं, "उस्ताद, यात्रा झाल्यावर घालतो."

"काऊन? यात्रेत लोक नाही राहत का? चल, मैं भी आता."

यात्रेत माझ्या खांद्यावर हात ठेवून ते फिरले. जो भेटेल त्याला सांगत, "इसने सिया. मेरा शागिर्द है." लोक माझ्याकडे बघत, मग हाताकडे बघत. जमीन फाटेल तर बरं, असं मला वाटत होतं. आज कळतं की ते माझी फजिती करत नव्हते. दुकानातल्या भिंतीआड लपून कोणी शिकत नाही, हे ते मला बाजारात नेऊन दाखवत होते. नंतर जन्मात माझी बाही चुकली नाही.

मी उंद्रीत दुकान टाकलं आणि हीच रीत चालवली. माणसं शिकायला येत. ज्ञानासाठी आलेलं एकही मला आठवत नाही.

दिलीप नावाचा एक जण आला होता, मिसरूड फुटलेला. त्याला एवढी रुंद पॅन्ट पाहिजे होती की खाली चप्पल दिसू नये. मी म्हटलं, मी असला तंबू शिवत नाही. तो म्हणाला, मग मले शिकवा, मीच शिवतो. झाडू मारला, काजं केली, तुरपाई केली. कुरकुर नाही. पॅन्ट झाली तशी आठवडी बाजारात घालून गेला. भाजीच्या रांगेत एक मुलगी होती, तिने वळून पाहिलं म्हणे. दुसऱ्या दिवशी दिलीपराव गायब. रस्त्यात भेटला तेव्हा मी म्हटलं, "बे दिलीप, सदरा शिकायचा राह्यला ना."

"काम झालं, मास्तर."

त्या मुलीशी त्याचं लग्न झालं नाही. आता त्याचं कृषी केंद्र आहे, पोट गल्ल्याला टेकतं. लोक म्हणतात, असं अर्धवट शिकून काय उपयोग? मी म्हणतो, त्या पॅन्टची शिलाई कुठेही ओढत नव्हती. ज्यासाठी शिकला ते त्याने पुरतं शिकून घेतलं. तुम्ही दहावीला भूगोल शिकलात, त्यातलं काय घालून फिरता?

मग वच्छला. आमच्याच गल्लीतली, चाळिशीची, मजुरीला जाणारी बाई. एका हळदीला तिची जाऊ सगळ्या बायांसमोर बोलली, "हिले काय समजते? हिच्या अंगावरचं पोलकं बी माझंच जुनं आहे. मीच देते." दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी वच्छला पायरीवर बसलेली.

"मास्तर, मले पोलकं शिकवा."

तिचा पाय मशीनच्या पायट्यावर बसेना. मशीनचं चाक उलटं फिरे, दोरा तुटे, आणि ती मशीनला अशा शिव्या देई की गिऱ्हाईक उठून जाई. सुमन रोज दुपारी दुकानाच्या उंबऱ्यात बसून पोलक्यांना हुक लावायची. माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक पोलक्याचे हुक तिच्या हातचे. ती म्हणाली, "वच्छे, शिव्या मशीनले नको देऊ. जावेचं तोंड समोर धर अन् पायटा मार."

चाक सुरळीत फिरलं.

वच्छलाचं पहिलं पोलकं गळ्यात मोठं झालं. खांद्यावरून घसरायचं. आमच्या रीतीप्रमाणे तिला तेच घालून फिरायचं होतं. ती पिना लावून थेट त्या जावेच्या घरी जेवायला गेली. पुढे अर्ध्या गावाची पोलकी तिच्याकडे जायला लागली. माझी गिऱ्हाइकं गेली त्याचा राग आला का? आला. पण तिच्या हातची बाही बघितली की राग फार वेळ टिकत नसे.

आणि एक म्हातारे जमादार, पोलीस खात्यातून रिटायर झालेले. एका हातात सदरा आणि दुसऱ्या मुठीत बटन घेऊन आले. मी म्हटलं, द्या, लावून देतो. त्यांनी मूठ उघडली नाही.

"लावून नको देऊ. लावाले शिकव. सुनेले सांगतो तं ते म्हणते, हो बाबा, लावते. तिच्या मागं कामं आहेत, तिचा काही दोष नाही. पण मले आता कोणाले म्हणायचंच नाही."

डोळे अधू, हात थरथरता. ज्या हाताने काठी उगारली की बाजार पळायचा, त्या हाताला सुई सापडत नव्हती. रोज येऊन बसायचे. बटन पक्कं लावता आलं त्या दिवशी ते ओढून ओढून पाहिलं आणि सदरा तिथेच अंगात घातला. चालत गेले ते परेडला गेल्यासारखे.

उंबऱ्यात सुमन गालात हसत होती. मी म्हटलं, "काऊन हसून राह्यली?"

"त्यायले नाही हसून राह्यली. तुमचा विचार करून राह्यली. मी आधी गेली तं तुम्ही भाकर कोणाले मागसान?"

"मीच आधी जाईन."

"तुमचं कोणतं काम टायमावर झालं?"

दुकानात होते ते सगळे हसले. शिंप्याच्या बायकोला हे बोलायचा हक्क आहे. मीही हसलो.

ती गेली ती टायमाच्या आधी गेली.

तेरवी झाली. पाहुणे गेले. माझा मुलगा गजानन पुण्यात असतो. तो थांबला होता. वाईट पोरगा नाही, सूनही चांगली आहे. त्यांच्याकडे मला वेगळी खोली आहे, पंखा आहे, खिडकी आहे. पण मी त्या घरात गेलो की सगळे हळू आवाजात बोलायला लागतात. मी आजारी असल्यासारखे.

गजानन म्हणाला, "बाबा, चला आता. इथं काय आहे?"

"मी आहे."

"खाल काय? चहाशिवाय तुम्हाला काय येतं? शेजारचे किती दिवस ताट देतील?"

ताट खरंच शेजारून येत होतं. झाकलेलं, गरम. देणाऱ्या बाईच्या डोळ्यात दया असायची, आणि ती दया मला भाजीपेक्षा आधी दिसायची. मुठीत बटन धरलेले जमादार मला त्या दिवशी कळले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आखाजीला ये. तुझ्या आईची घागर पूजायची आहे. त्या दिवशी मी रांधतो. मले जमलं तं मी इथंच राहीन. नाही जमलं तं पिशवी भरतो अन् तुझ्यासंग येतो. मंग पुन्हा विषय नाही."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी पाण्याने भरलेली घागर पूजतात आणि घरात रांधलेल्याचा घास विस्तवावर टाकतात. त्या घासावर मी माझं घर पणाला लावलं होतं. गजानन हो म्हणाला. त्याला वाटलं असणार, म्हातारा आखाजीपर्यंत थकेल.

मी वच्छलाच्या दारात गेलो. "भाकर शिकव."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रीत माहीत आहे ना, मास्तर? आधी झाडू मारा."

मला वाटलं, मजा करतेय. मजा नव्हती. तिने माझ्याकडून चूल-ओटा पुसून घेतला, परात घासून घेतली, पीठ चाळून घेतलं. कितीतरी दिवस तव्याला हात लावू दिला नाही. पीठ मळा, मोडा, पुन्हा मळा. "पाणी जास्त झालं." "आता कमी." "तळव्यानं मळा, बोटं काऊन टोचवून राह्यले?" माझीच उस्तादी माझ्या डोक्यावर मारत होती. मजा घेत होती, यात शंका नाही. घेऊ दे.

पारावर बातमी पोचली. तिथून जाताना एकाने आवाज दिला, "काय मास्तर, आता लुगडं नेसता का?"

"नेसतो. पोलकंही मीच शिवीन, मापात. तुले तं अजून पायजम्याची नाडी बायको घालून देते."

नंतर त्यांनी विचारलं नाही.

मग तवा मिळाला आणि माझ्या धंद्याने मला दगा दिला. थापताना भाकरीची कड वेडीवाकडी होई. वेडीवाकडी कड मला जन्मात सहन झालेली नाही. मी एक ताटली उपडी ठेवली आणि सुरीने भोवतीची कड कापून काढली. कशी गोल दिसली! चंद्रासारखी. वच्छला मागे वळली, तिने ते पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसली. हसून हसून डोळ्यातून पाणी.

"अहो मास्तर, ते कापड आहे का? भाकर थापाची राहते, बेतून कापाची नाही राहत!"

तव्यावर टाकली तर ती गोल भाकर फुगलीच नाही. पापडासारखी पडून राहिली. मी ती खाल्ली. रीत म्हणजे रीत.

वच्छला मग शांतपणे बोलली ते मी विसरणार नाही. "तुम्ही भिऊन राह्यले. कात्री चुकली तं कापड मेलं, हे तुमच्या हातात बसलं आहे. पीठ मरत नाही, मास्तर. मोडा अन् पुन्हा मळा."

या वयात शिकण्यात खरी अडचण ही आहे. अंकवाल्या मुलीने विचारलं म्हणून सांगतो. पोराचा हात कोरा असतो. म्हाताऱ्याच्या हातात आधीचं काम बसलेलं असतं. ते आधी उठवावं लागतं, आणि ते सहज उठत नाही, घरमालकासारखं बसून राहतं.

तरीही माझ्या घरी भाकर फाटतच होती. वच्छलाकडे बरी व्हायची, घरी फाटायची. तिने येऊन डब्यातलं पीठ चिमटीत घेतलं, वास घेतला.

"हे कधीचं?"

मी डबा माझ्याकडे ओढला. तिला समजलं. सुमनने शेवटचं दळण आणलं होतं ते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची चिकट ओढ जाते, कडवटही होतं.

"नवीन दळून आणा."

"हे संपल्यावर."

तिने वाद घातला नाही. पाणी उकळलं, कढत पाणी पिठात घालून ते उलथण्याने कसं कालवायचं ते दाखवलं. "मेलेल्या पिठालेबी असं उठवता येते," म्हणाली, आणि लगेच तोंडावर पदर घेतला. ते पीठ मी एकट्याने संपवलं. फाटलेलं, जाड, कडवट, सगळं. कोणाला दिलं नाही. डबा रिकामा झाला त्या दिवशी मी तो उन्हात ठेवला आणि ओसरीत बसून राहिलो. मशीनवर सुमनची हुकांची डबी आहे. ती अजून तिथेच आहे.

आखाजीला गजानन सकाळी आला. सोबत पुण्याहून आणलेल्या पुरणपोळ्या, प्लॅस्टिकमध्ये बंद. गावातल्या दोन बायांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या सणाला पुरण पाहिजे, आणि बाईच्या हातचं पाहिजे. मी म्हटलं, सुमन दुकानातून दमून आली की भाकर आणि बेसन, म्हणजे पिठलं, मिटक्या मारत खायची. पुरण ती पाहुण्यांसाठी करायची. ती माझ्याकडे पाहुणी म्हणून येणार नाही.

गजाननला म्हटलं, "ठेव त्या पोळ्या. तू खाजो."

बेसन आधी करून ठेवलं. नवीन पिठाची भाकर थापायला घेतली. तो समोर पाटावर बसला होता. पहिली उचलताना मधोमध चिरली. तो अर्धा उठला, "राहू द्या बाबा, मी..."

"बस खाली."

बसला. मी ती तशीच भाजली आणि माझ्या ताटात ठेवली. ती माझी होती. पुढची थापली, पाणी फिरवलं, उलटली, विस्तवावर धरली. आणि ती फुगली. अशी फुगली की वरचा पापुद्रा सुटून आला. दारात वच्छला उभी होती.

घागरीला हळदीकुंकू लावलं. त्या भाकरीचा तुकडा, वर बेसन, विस्तवावर ठेवला. धूर सरळ वर गेला. मी मनात म्हटलं, सुमन, हे काम टायमावर झालं आहे.

मग आम्ही बाप-लेक जेवायला बसलो. गजाननने घास घेतला, हळूहळू चावला. मग खाली मान घालून म्हणाला, "आईसारखी नाही झाली."

"नाहीच होणार. तिच्यासारखी कराले मी शिकलोच नाही. तिच्या घरात राह्याले शिकलो."

त्याने वर पाहिलं नाही. दुसरी भाकर मागून घेतली.

दुपारी चिखलीच्या बसची वेळ झाली. खुंटीवर माझी पिशवी होती, रिकामी. आदल्या दिवशी भरली नव्हती, मुद्दामच. गजाननने ती खाली काढली. मी बघत राहिलो, आता काय म्हणतो म्हणून. त्याने उरलेल्या भाकरी फडक्यात गुंडाळल्या, पिशवीत ठेवल्या आणि पाया पडून निघाला.

पुरणपोळ्या इथेच विसरला. त्या पारावर वाटल्या.

पिशवी दिवाळीला येताना आण म्हणून सांगितलं आहे. मला बाजाराला लागते.